नोलीनचे शेरे

सोमवारी सव्वानऊला वाचनालयाचा फोन वाजला आणि पलीकडून एल्सा ट्वेडल म्हणाली, "नोलीन, मी आंघोळीच्या टबात बसून वाचते हे तुला कुणी गं सांगितलं?"

नोलीन प्रेबल त्या गावात सव्वीस वर्षं ग्रंथपाल होती. एल्साची पुस्तकं साबणाचा वास घेऊन परत येत, त्यामुळे हे कुणी सांगायची गरजच नव्हती. तरी तिने सावधपणे विचारलं, "का गं? कोण म्हणालं?"

"तूच म्हणतेस! घरून माझं खातं उघडलं, तर नावाखाली लिहिलंय, 'टबात वाचते. जाड कागदाचीच पुस्तकं द्यावीत.'"

नोलीनने घाईने एल्साची नोंद उघडली. सभासदांच्या नोंदीत एखादी खासगी ओळ लिहून ठेवायची तिची जुनीच खोड होती. शेरे तिच्यासाठी आणि काउंटरवरच्या मदतनिसासाठी, बाकी कुणासाठी नाहीत. शनिवारी संगणकावरचा जुन्या कंपनीचा प्रोग्राम काढून त्यांनी नवा बसवला होता. हा जगभरच्या ग्रंथपालांनी आणि प्रोग्रामरांनी मिळून बनवलेला, कुणालाही फुकट वापरता येणारा. त्यात शेऱ्यांचे रकाने दोन. एक फक्त काउंटरवर दिसणारा, दुसरा सभासदाला स्वतःच्या खात्यात दिसणारा. कुठला मजकूर कुठे जायचा याचा तक्ता नोलीनने जातीने भरला होता, चष्मा न लावता.

आणि नवा प्रोग्राम ठेवायचा की नाही ते ठरवायला गुरुवारी नगर परिषदेची समिती बसायची होती. फुकटच्या वस्तूत खोट असणारच, असं समितीचा अध्यक्ष मर्व डथी पहिल्या दिवसापासून म्हणत होता. त्याने नाही म्हटलं की जुनी कंपनी परत, तिची भरमसाट फी परत, आणि ती भागवायला शनिवारी वाचनालय बंद. शेतावरची माणसं गावात यायची ती शनिवारीच. तो शनिवार नोलीनने आजवर तीनदा भांडून वाचवला होता.

"नायरी! किती जणांनी खातं उघडलंय?"

"एकशे बारा," मदतनीस नायरी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "'खुनाच्या कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचतो आणि रांगेत सगळ्यांना सांगतो.' हा कॉलिन. 'बोलायला लागली की मला फोन आलाय म्हणावं.' ही... अगं, ही तर तुझी नणंद!"

"ती ओळ आधी काढ!"

एकेक ओळ काढत बसायचं तर बुधवार उजाडला असता. नायरीने हा प्रोग्राम वापरणाऱ्यांच्या जगभरच्या ई-मेल गटावर मदत मागितली. जगाच्या दुसऱ्या टोकाला, अर्जेंटिनात, अजून रविवारची संध्याकाळच चालू होती. तिथल्या कुणा फाकुंदोने दहा मिनिटांत उपाय पाठवला, वर 'आमच्याकडेही हेच झालं होतं, धीर धरा' असंही लिहिलं. अकराच्या आत सगळे शेरे योग्य रकान्यात गेले. नोलीनने सुस्कारा सोडला.

साडेअकराला बेरिल पॅस्को आली. बेरिलचा शेरा होता, 'प्रेमकथा नवऱ्यासाठी म्हणून नेते. नवरा वारून नऊ वर्षं झाली.'

"नऊ वर्षं तुला ठाऊक होतं," बेरिल म्हणाली, "आणि दर वेळी विचारायचीस, केनला आवडलं का म्हणून."

"बेरिल, माझं चुकलं गं."

"चुकलं कसलं? तुझ्याशिवाय त्याच्याबद्दल विचारतंय कोण?" बेरिलने डोळे पुसले आणि घरी भाजलेल्या स्कोनचा डबा काउंटरवर ठेवला.

तिच्यामागे कॉलिन मेंढ्यांचा वास घेऊन उभा होता. "माझी ओळ कुठे गेली? बायकोला दाखवायची होती." दुपारपर्यंत आपल्या शेऱ्याची छापील प्रत मागणाऱ्यांची रांग दारापर्यंत गेली. हिरवळीवर गोळे घरंगळवत खेळायच्या बोल्स क्लबमध्ये लोक आपापले शेरे घोकून एकमेकांना ऐकवू लागले.

बुधवारी मर्व डथी आला. हातात पाकीट, चेहरा आंबलेला.

"तक्रार आहे. लेखी."

संपलं, नोलीनला वाटलं. "कुणाची?"

"माझी. सोमवारी सकाळी मी खातं उघडलं. माझ्या नावाखाली काहीही नव्हतं. एक अक्षर नाही!"

"अरे मर्व, तुझी पुस्तकं वेळेवर येतात, कोरडी येतात, पान दुमडलेलं नसतं. तुझ्याबद्दल लिहायचं काय?"

"एकतीस वर्षं सभासद आहे मी! क्लबात सगळे विचारतात, तुझं काय लिहिलंय. काय सांगू? कोरं?"

नोलीनला हसू येत होतं, पण त्याचे कान लाल झालेले पाहून तिने ते गिळलं. माणूस खरोखर दुखावला होता. "मग उद्या काय करणार आहेस?" तिने हळूच विचारलं.

"उद्याचं उद्या," असं म्हणून तो निघून गेला.

गुरुवारी नवा प्रोग्राम मंजूर झाला. शनिवार वाचला. इतिवृत्तात अध्यक्षांच्या आग्रहावरून एक ओळ घातली होती: 'काही सभासदांच्या नोंदी अपुऱ्या आहेत, त्या पूर्ण कराव्यात.'

पुढच्या शनिवारी मर्व रांगेत होता. पुस्तकाची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. मुखपृष्ठावर चहाच्या कपाचं गोल वळं होतं आणि मधली सात पानं कडक घडी घालून दुमडलेली. त्याने पुस्तक काउंटरवर ठेवलं, हाताची घडी घातली आणि नोलीन की-बोर्ड जवळ ओढेपर्यंत तिथून हलला नाही.