ऑइल कमी, ऑइल जास्त

ऑइल मोजायची पट्टी पुसून, आत घालून, पुन्हा बाहेर काढून डॉक्टरीणबाईंनी ती गॅरेजच्या दारातल्या उजेडाला धरली आणि त्यांची खात्रीच पटली. गाडीच्या इंजिनमधलं ऑइल पुन्हा वाढलं होतं. वरच्या खुणेच्याही वर जाऊन ऐटीत बसलं होतं.

दुसरं कुणी असतं तर गोंधळून गेलं असतं. पण डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर होत्या आणि गोंधळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पेशंट खुर्चीत टेकायच्या आत कुठली दाढ ते त्या सांगून मोकळ्या होत. इथे तर सरळ हिशेब होता: जास्त झालंय ते काढायचं. त्यांनी पट्टीच्या भोकातून बारीक नळी आत सोडली, दवाखान्यातल्या जाडजूड सिरिंजने कपभर ऑइल ओढून काढलं आणि फळीवरच्या उघड्या डब्यात ओतून टाकलं. तो डबा मागच्या सर्व्हिसिंगचा उरलेला असावा, असा त्यांचा समज होता. इतकं महागाचं ऑइल, फेकून कशाला द्यायचं?

हात धुऊन त्या वर आल्या तेव्हा सासरे पेपर वाचत बसले होते.

"काय गं सूनबाई, सकाळी सकाळी गॅरेजात?"

"काही नाही आप्पा, चष्मा राहिला होता गाडीत."

खरं सांगणं त्यांच्या जिवावर आलं होतं. आप्पा पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होते. टाक्यांमधल्या पाण्याच्या पातळ्या बघण्यात सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर मन रमवायला त्यांना ही गाडीच काय ती उरली होती. "गाडीकडे मी बघतो, तू तुझ्या दातांकडे बघ," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं. अशा माणसाला, तुमच्या देखरेखीखालच्या गाडीत काहीतरी भलतंच चाललंय, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

पण डॉक्टरीणबाईंना एक गोष्ट ठाऊक नव्हती. आप्पाही रोज ऑइल बघत होते.

फरक इतकाच, की आप्पा बघायचे दुपारी. वाचनालय, भाजी, एखादा मित्र असं करून घरी आले, की गाडी उभी करून चावी काढायची आणि लगेच बॉनेट उघडायचं. तेव्हा अर्धं ऑइल इंजिनभर फिरून वरच कुठेकुठे अडकलेलं असे. ते खाली उतरायला उसंत द्यावी लागते, हे आप्पांच्या गावीही नव्हतं. टाकीत पातळी म्हणजे पातळी, ती कधीही बघा. पट्टीवर ऑइल खालच्या खुणेशी दिसलं की ते मान हलवत फळीवरचा डबा घेत, नरसाळं लावत आणि कपभर ऑइल आत ओतत. रात्रीतून सगळं ऑइल निवांत खाली उतरे, आणि सकाळी डॉक्टरीणबाईंना ते वाढलेलं दिसे.

तेच कपभर ऑइल दुपारी आत जात होतं आणि सकाळी बाहेर येत होतं.

आप्पाही गप्प होते, आणि त्यांचंही कारण मायेचंच होतं. गाडी जुनी घेतलेली होती आणि ती सूनबाईंनी पारखून घेतली होती. घरी येईल त्याला त्या अभिमानाने सांगत, "इंजिन बघा, एक नंबर!" त्या एक नंबर इंजिनाला ऑइल पिण्याचं व्यसन लागलंय, हे सांगून पोरीचं मन कशाला मोडायचं? त्यापेक्षा गुपचूप पाजत राहावं.

आता एखाद्याला डब्याचा तरी संशय यायला हवा होता. रोज ओतूनही डबा संपेना, याचं श्रेय आप्पांनी स्वतःच्या काटकसरीला दिलं. ऑइल दिवसेंदिवस काळं पडतंय, तेव्हा "हल्ली मालच असा येतो" म्हणून ते मोकळे झाले. आणि रोज ओतूनही डबा भरेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ठरवून टाकलं, की उन्हाने उडून जात असणार. दोघंही हुशार, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचं कारण सापडायला त्यांना वेळ लागत नसे.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी गॅरेजवाल्याला फोन लावला.

"माझ्या एका मैत्रिणीचं विचारायचं होतं. तिच्या गाडीतलं ऑइल वाढतंय."

"वाढतंय? मग पेट्रोल मिसळतंय त्यात. डेंजर काम आहे, मॅडम. चालवू नका म्हणावं. आगबिग लागली म्हणजे?"

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांसमोर आप्पा आले, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन पेटत्या गाडीत बसलेले. त्यांना दरदरून घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी त्याच गॅरेजवाल्याकडे आप्पा स्वतः जाऊन उभे राहिले.

"एका मित्राची गाडी आहे. ऑइल फार पिते हो."

"पिस्टनच्या रिंगा झिजल्या असणार, काका. इंजिन जाम होईल एखाद्या दिवशी, भर रस्त्यात." आणि गॅरेजवाला खदखदून हसला. "गंमत बघा, कालच एका बाईंचा फोन होता, त्यांच्या मैत्रिणीच्या गाडीत ऑइल वाढतंय! मित्राला म्हणावं, त्या बाईंशी ओळख काढ. दोघांचंही भागेल."

आप्पाही हसले. काय एकेक नग असतात जगात, असं म्हणत घरी आले आणि रोजच्यासारखं कपभर ऑइल ओतलं. पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. सूनबाई संध्याकाळी दवाखान्यातून परत येताना उड्डाणपुलावर एकटीच अडकून पडली आहे आणि मागून ट्रक हॉर्न देताहेत, असं चित्र त्यांना सारखं दिसत राहिलं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात आप्पांच्या मुलीला मुलगी झाली. पहिली नात. मुलीचं घर घाटापलीकडे.

"रविवारी पहाटे निघू या गाडीने," जेवताना चिरंजीव म्हणाले. आप्पांचा हा मुलगा, म्हणजे डॉक्टरीणबाईंचा नवरा, एका छापखान्यात प्रुफं तपासत असे. गाडीतलं त्याचं काम एकच, मागच्या सीटवर झोपायचं.

"बसने जाऊ," आप्पा आणि डॉक्टरीणबाई एकदमच म्हणाले.

चिरंजीवांचा घास हातातच राहिला. "अगं, तुला बस लागते ना?"

"आता नाही लागत."

"आणि आप्पा, तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? बसमध्ये बसायचंच तर असतं!"

दोघांनी एकमेकांकडे कृतज्ञतेने पाहिलं. सून किती समजूतदार, सासरे किती समजूतदार. पण चिरंजीवांनी एकच प्रश्न विचारला आणि सगळं मुसळ केरात गेलं.

"मग पाळणा कोणाच्या डोक्यावर द्यायचा?"

बाळासाठी घेतलेला लाकडी पाळणा बाहेरच्या खोलीत अर्धी भिंत अडवून उभा होता. तो बसमध्ये चढणं शक्यच नव्हतं. गाडीनेच जायचं ठरलं, आणि दोघांच्याही तोंडची चव गेली.

रविवारी फटफटायच्या आत डॉक्टरीणबाई सिरिंज आणि नळी पदराआड धरून खाली उतरल्या. आज कपभरावर भागणार नव्हतं. घाटात धोका नको, चांगलं तीन कप काढायचं त्यांनी ठरवलं होतं. गॅरेजात शिरतात तो बॉनेट उघडं, आणि आत वाकलेले आप्पा. एका हातात डबा, दुसऱ्या हातात नरसाळं.

"आप्पा!"

आप्पा इतके दचकले की डोकं बॉनेटवर आपटलं. "सूनबाई? तू इथे? आणि ते हातात काय? कुणाचा दात काढायला निघालीस?"

"आधी तुम्ही सांगा. हे काय ओतताय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. आप्पांनी डबा खाली ठेवला. "हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. तुझी गाडी ऑइल पिते. मी रोज घालतो थोडं. घाटात कमी पडायला नको म्हणून आज पट्टी न बघताच जरा जास्त घालत होतो."

"पिते? आप्पा, पिते कुठली, ती तयार करते! मी रोज सकाळी काढतेय!"

"काढतेस? आणि टाकतेस कुठे?"

डॉक्टरीणबाईंनी बोट दाखवलं. आप्पांनी डब्याकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून डब्याकडे पाहिलं.

"म्हणजे गॅरेजवाल्याला फोन करणारी ती बाई..." आप्पा म्हणाले.

"आणि तुम्हाला कोणी सांगितलं फोनचं?"

"माझ्या मित्राला सांगितलं," आप्पा पुटपुटले, आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आवरेना. डॉक्टरीणबाईही हसत सुटल्या, इतक्या की सिरिंज हातातून खाली पडली.

हसून झाल्यावर मात्र दोघंही मुद्द्यावर आले. चूक कुणाची, हे ठरायलाच हवं होतं. गाडी चालू केली, परिसरात एक चक्कर मारून आणली, बंद केली आणि लगेच पट्टी काढली.

"बघ! खाली आहे," आप्पा विजयी मुद्रेने म्हणाले.

"थांबा जरा." डॉक्टरीणबाईंनी थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा पट्टी काढली. ऑइल आपणहून वर आलेलं होतं. "आता बघा. इंजिन बंद करून त्याला खाली उतरायला दहा मिनिटं तरी द्यायला हवीत. तुम्ही घाई करत होतात."

"आणि तुला एकदाही वाटलं नाही, की कुणीतरी ओतत असेल? गाडी ऑइल तयार करते म्हणे! तसं असतं तर लोकांनी तेलाच्या विहिरी खणल्या असत्या का?"

एकेक गुण दोघांनाही मिळाला. मग त्यांनी जास्तीचं ऑइल मोजून काढलं. पट्टीवर दोन खुणांच्या बरोबर मधे पातळी आली, तेव्हा दोघांनाही एखादं धरण बांधून पुरं केल्यासारखं वाटलं. इंजिन ठणठणीत होतं. आता घाट काय, हिमालय चढून जाऊ, असं आप्पा म्हणाले.

इतक्यात चिरंजीव पाळण्याचं एक टोक ओढत खाली आले. घाम पुसत ते उघड्या बॉनेटपाशी टेकले आणि जांभई देता देता आत डोकावले.

"ही प्लास्टिकची बाटली कसली? रिकामीच असते का नेहमी?"

डॉक्टरीणबाईंनी वाकून पाहिलं. ती कूलंटची बाटली होती, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची. तळाशी एक हिरवट रेघ वाळून गेली होती.

"आप्पा, कूलंट तुम्ही बघत होतात ना?"

"मी? मला वाटलं तू बघतेस."

"आणि ब्रेकचं ऑइल?"

"ते तर नक्कीच तुझ्याकडे होतं."

"काचेवर मारायचं पाणी?"

आप्पांनी काचेकडे बघायचं टाळलं. एका ऑइलवर दोन दोन राखणदार बसले होते, आणि बाकी सगळं वाऱ्यावर होतं. घाटाच्या पहिल्याच चढावर गाडीने वाफ सोडली असती, आणि मग पाळणा खरोखरच कुणाच्या तरी डोक्यावर द्यावा लागला असता.

निघायला चांगलाच उशीर झाला, पण सगळं यथासांग भरूनच ते निघाले. गाडीने घाट असा काही चढला की चिरंजीवांची झोपही मोडली नाही. नात आप्पांच्या हातात आली, त्यांच्याकडे बघून तिने भलीमोठी जांभई दिली, आणि हे थेट मामावर गेलंय, असं आप्पांनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

परतल्यावर कामाची वाटणी झाली. कूलंट आप्पांकडे. ब्रेकचं ऑइल आणि काचेचं पाणी डॉक्टरीणबाईंकडे. इंजिन ऑइल मात्र दोघांपैकी कुणाकडेच नको, यावर लगेच एकमत झालं. ते चिरंजीवांच्या गळ्यात पडलं.

पुढच्या रविवारी सकाळी चिरंजीव खाली गेले. सासरे आणि सून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे होते.

"पट्टी पुसली नाही त्याने," आप्पा कुजबुजले.

"पुसली. नव्या शर्टाला."

"आणि तोंड बघ कुणीकडे आहे. फोनवर बोलतोय गधडा!"

चिरंजीव वर आले. "ऑइल अगदी बरोबर आहे," त्यांनी सांगितलं आणि टॉवेल घेऊन ते आंघोळीला गेले.

"वा," आप्पा म्हणाले.

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

न्हाणीघराची कडी लागली, नळाचा आवाज सुरू झाला, आणि दोघंही एकदमच दाराकडे वळले.

"तू कुठे निघालीस?"

"जरा पाय मोकळे करायला. आणि तुम्ही?"

"मीही पायच मोकळे करायला."

जिना उतरून दोघं गेले ते सरळ गॅरेजात. आप्पांनी बॉनेट उचलून धरलं, डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढून, पुसून, पुन्हा घालून बाहेर काढली. ऑइल अगदी बरोबर होतं. दोघांनी आळीपाळीने ती पट्टी दोनदा तपासली, आणि दोघांचाही काही केल्या विश्वास बसेना.