खोली निवडावी तर किल्लीकाकांनी!

किल्लीकाकांना खोली निवडायला शिकवणं म्हणजे माशाच्या पिलाला पोहायला शिकवणं! उभा जन्म त्यांनी एका हॉटेलच्या काउंटरमागे काढला होता. पाठीशी किल्ल्यांचा फळा आणि पुढ्यात दमलेलं गिऱ्हाईक. लिफ्टशेजारची खोली कुणाच्या गळ्यात मारायची, भटारखान्यावरची कुणाला "उबदार आहे हो" म्हणून द्यायची आणि जिच्या खिडकीतून फक्त शेजारची भिंत दिसते तिला "एकांत" कसं म्हणायचं, ही सगळी विद्या त्यांना मुखोद्गत होती. "मला वाईट खोली देणारा अजून जन्माला यायचाय!" असं ते छातीठोकपणे सांगत.

सांगत, पण हल्ली ऐकायला कुणी नव्हतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. बढाईचं असं असतं, की समोर "पुरे झालं आता!" म्हणणारं माणूस नसेल तर तिला चवच राहत नाही. काका स्वयंपाकघरात उभे राहून एकट्याने चहा पीत, एकच कप विसळत आणि तो पुन्हा दोन कपांच्या खुंट्यांपैकी एकीवर टांगत.

शेवटी लेकीने फोनवरून फर्मान काढलं. "बाबा, तुम्ही भिंतींशी बोलायला लागलात!"

"भिंती निदान मध्येच तोंड घालत नाहीत."

"ध्रुवाकडे जाणारं एक छोटं जहाज आहे. मोजकीच माणसं असतात, सगळी एकत्र जेवतात, बर्फावर उतरतात. तुम्ही जायचं! चार माणसांत मिसळा जरा!"

काका कबूल झाले, ते काही माणसांसाठी नव्हे. जहाजावर केबिन आपण निवडायची असते, हे कळल्यावर त्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. जहाजाचा नकाशा त्यांनी जेवणाच्या टेबलावर पसरला, चष्मा पुसला आणि बुकिंगवाल्या मुलीला फोन लावला.

"सर, सगळ्यात वरच्या मजल्यावर छान मोठी खिडकी असलेली—"

"वरची नको! समुद्र खवळला की जितकं उंच तितके हेलकावे जास्त. मी काय पाळण्यात झोपायला येतोय?"

"मग पुढच्या बाजूची?"

"नांगराची साखळी तिथेच सुटते. भल्या पहाटे उशीखाली लोखंड गडगडणार!"

"मागची?"

"इंजिन!"

"मधली घ्या ना, जेवणाच्या हॉलजवळची. सगळे तीच मागतात. जाता-येता माणसं भेटतात."

"म्हणूनच नको! दार उघडलं की नमस्कार, दार लावलं की नमस्कार! मला ही एकशे सात द्या. खालचा मजला, बरोबर मधोमध, गोल खिडकी. एका अंगाला चादरींची कोठी, दुसऱ्या अंगाला टॉवेलांची. दोघी शेजारणी घोरत नाहीत!"

मुलगी खुदकन हसली. "पण सर, ती दोन पलंगांची आहे. मग मिसेस—?"

"ती गेली."

"बरं, बरं! मग परत आल्या की विचारून ठेवा, खिडकीकडचा पलंग त्यांना हवा की तुम्हाला!"

आता इथेच काकांनी खुलासा करायला हवा होता. पण 'गेली' हा आपल्या भाषेतला मोठा सोयीस्कर शब्द आहे. भाजी आणायला गेलेली बायकोही गेलीच, आणि कायमची गेलेलीही गेलीच. दुसरा जो रोखठोक शब्द आहे, तो काकांच्या तोंडून आजवर एकदाही निघाला नव्हता. लोक भेटायला आले तेव्हाही नाही, आणि लेकीच्या गळ्यात पडून रडले तेव्हाही नाही.

"तिला खिडकीच लागते," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

केबिन काकांनी सांगितली होती तश्शी निघाली. इंजिन नाही, साखळी नाही, पावलांचा आवाज नाही. पहिल्या दिवशी समुद्र खवळला तेव्हा वरच्या मजल्यावरचे लोक भिंती धरून हिरवेपिवळे होत होते आणि काका खाली आरामात आडवे पडले होते.

"पाहिलंस? याला म्हणतात खोली!" ते मोठ्याने म्हणाले.

शेजारच्या पलंगावरच्या चादरीला सुरकुतीसुद्धा पडलेली नव्हती. चादरींच्या कोठीतून कुणी बोललं नाही, टॉवेलही गप्पच होते. केबिन इतकी शांत होती, की काकांना आपल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. त्यांनी ते काढून मोज्यात गुंडाळून ठेवलं. मग काहीच ऐकू येईना, आणि ते जास्तच वाईट होतं.

त्या भागात कुणाचं कामच नव्हतं, त्यामुळे दारावरून कुणी जात नसे. जेवायला काका सगळ्यात शेवटी जात, कोपऱ्यातल्या टेबलावर बसत आणि खाली मान घालून जेवून येत. 'चार माणसांत मिसळा' म्हणणाऱ्या लेकीला त्यांनी कळवलं, 'केबिन उत्तम आहे.' याहून खरं आणि याहून रडवेलं वाक्य त्यांनी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

मग बर्फावर उतरायचा दिवस आला. उतरायच्या दाराशी एक फळा होता आणि त्याच्यावर प्रत्येक पलंगाचा एक याप्रमाणे बिल्ले टांगलेले होते. नियम साधा होता. जहाज सोडताना आपला बिल्ला उलटायचा, म्हणजे लाल बाजू दिसते. परत आलं की पुन्हा पांढरी बाजू वर करायची. लाल दिसला याचा अर्थ माणूस अजून बाहेर आहे.

एकशे सातचे दोन बिल्ले शेजारी शेजारी लटकत होते, 'अ' आणि 'ब'. बुकिंगवाल्या मुलीने इमानेइतबारे दोन माणसं कळवली होती. काकांचा हात वर गेला. किल्ल्यांच्या फळ्यावर आयुष्य घालवलेला हात तो! त्याने एक बिल्ला उलटला, क्षणभर थांबला आणि दुसराही उलटला.

"चल," काका पुटपुटले आणि रबरी बोटीत बसले.

किनाऱ्यावर बर्फच बर्फ होतं आणि गिऱ्हाईक नसलेल्या वेटरांसारखे पेंग्विन उभे होते. काका एका बाजूने एकटेच चालत होते. तेवढ्यात पुढे चाललेल्या एका जोडप्याचं भांडण त्यांच्या कानावर आलं. बाई दातांची डॉक्टर होती. नवऱ्याने केबिन निवडली होती ती नेमकी इंजिनाच्या डोक्यावर!

"दिवसभर मी दुसऱ्यांच्या दाढांत ड्रिल चालवते," ती कडाडली, "आणि आता रात्रभर माझ्या कवटीत चालतंय!"

काकांना राहवेना. "माफ करा, पण डोकं कुठल्या बाजूला करून झोपता?"

"भिंतीकडे."

"तिथेच चुकतंय! ती भिंत लोखंडी, सगळी थरथर त्या भिंतीतून येते. उशी पायाकडे घ्या आणि पलंगाच्या पायांखाली घडी केलेले टॉवेल सरकवा. फरक नाही पडला तर नाव बदलीन!"

झालं! डॉक्टरीणबाईंनी हाक मारून आणखी दोघांना बोलावलं. एकाच्या खिडकीवरून दिवसभर लोक ये-जा करत होते, एकीच्या कपाटाचं दार रात्रभर आपटत होतं. बघता बघता काकांभोवती घोळका जमला. पेंग्विनांकडे बघायला माणूस उरला नाही! परतीच्या बोटीत काका "एकांताची खोली" विकायचा किस्सा रंगवून सांगत होते आणि सगळे पोट धरून हसत होते. हसत-बोलतच ते जहाजावर चढले. बोलता बोलताच काकांनी बिल्ला उलटला.

एकच.

जेवणाच्या हॉलमधल्या मोठ्या टेबलावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना ओढून बसवलं. चहा आला आणि तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला.

"एक प्रवासी बर्फावर राहून गेलेला आहे! सर्वांनी आपापलं माणूस जवळ आहे की नाही ते पाहावं!"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. काकांनी टेबलावर थाप मारली. "कमाल आहे! छत्री विसरतो माणूस, चष्मा विसरतो. पण आपलं माणूस बर्फावर विसरून येणारा हा महाभाग आहे तरी कोण?"

"केबिन एकशे सात," लाउडस्पीकर म्हणाला, "पलंग ब."

काकांच्या हातातला कप बशीत आपटला.

"काका," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाली, "एकशे सात तुमचीच ना?"

काका उत्तर देणार तोच कप्तान हातात वॉकीटॉकी घेऊन दारात उभा राहिला. बोटवाला आधीच पुन्हा किनाऱ्याकडे निघाला होता आणि बाहेर वारा वाढू लागला होता.

"तुमच्या मिसेस कुठे आहेत?"

"ती... ती गेली हो."

"कुठे गेल्या?"

"मला सोडून गेली."

"भांडण झालं होतं का?"

"छे, छे! म्हणजे व्हायचं, पण ते पडद्यांच्या रंगावरून—"

"शेवटचं कुठे पाहिलंत त्यांना?"

"हॉस्पिटलमध्ये."

"जहाजाचा दवाखाना बघा!" कप्तान वॉकीटॉकीत ओरडला.

"अहो, तो नव्हे! ती आता नाहीये!"

"आता नाहीये, म्हणजे मघाशी होत्या. बरं, मग गेल्या कुठल्या दिशेला?"

काका काकुळतीला आले. तो एक शब्द टाळून त्यांनी बोटाने आकाश दाखवलं. "वर गेली हो, वर!"

"वरचा डेक!" कप्तान गरजला आणि खलाशी जिन्यावरून धडाधड वर पळाले.

तेवढ्यात ऑफिसातला कारकून धापा टाकत आला. "साहेब, एकशे सातचा एकच पासपोर्ट आहे! बाईंचा गायब!"

"पासपोर्टसकट गेल्या? म्हणजे ठरवून गेल्या!"

मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "तरी मला वाटलंच होतं. रोज एकटाच जेवतो हा माणूस. बायकोला एकदाही वर आणलं नाही!" मघाशी पोट धरून हसणारा घोळका हळूहळू खुर्च्या मागे सरकवू लागला. काका मोठ्या टेबलावर पुन्हा एकटेच राहिले.

वॉकीटॉकीतून वाऱ्याचा घोंघाट आला आणि त्यात बोटवाल्याचा आवाज. "काकू! ओ काकू! ...साहेब, इथे कुणी दिसत नाही. बर्फ उडतंय, समोरचं दिसेना झालंय. पण बाई वाट चुकल्या असतील तर टेकाडामागे असतील. मी बोट सोडून आत चालत जातो."

"जपून," कप्तान म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी नवरा त्या वाऱ्यात, त्यांच्या बायकोला शोधत टेकाडामागे जायला निघाला होता! काकांनी झडप घालून कप्तानाच्या हातातून वॉकीटॉकी हिसकावला.

"परत फिर रे बाबा! जाऊ नकोस! ती तिथे नाही! ती मेली! माझी बायको मेली! तीन वर्षं झाली!"

कप्तानाने तो वॉकीटॉकी शोधकार्यासाठी लाउडस्पीकरला जोडून घेतला होता, हे काकांना नंतर कळलं. भटारखान्यापासून इंजिनापर्यंत सगळ्या जहाजाने ते ऐकलं. वरच्या डेकवर पळणाऱ्या खलाशांची पावलं थांबली. स्वतःच्या तोंडचा तो शब्द ऐकून काकांनी वॉकीटॉकी टेबलावर ठेवला आणि ते खुर्चीत बसले.

"ऐकलं," वॉकीटॉकीतून बोटवाला म्हणाला. "येतो परत."

"बिल्ला मीच उलटला," काका कप्तानाला सांगू लागले. "जाताना दोन्ही उलटले. उगीच... बरं वाटलं. येताना या लोकांशी बोलत होतो. हसत होतो. आणि तिला विसरलो. तीन वर्षांत पहिल्यांदाच तासभर विसरलो, आणि बघा, तिला तिथेच ठेवून आलो!"

ते ढसाढसा रडले. डॉक्टरीणबाई खुर्ची पुढे ओढून त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांचा गार झालेला चहा बदलून आणायला नवऱ्याला पिटाळलं. रागावायच्या बेतात असलेल्या कप्तानाने टोपी काढली, पुन्हा घातली आणि बराच विचार करून तो म्हणाला, "यापुढे फक्त आपलाच बिल्ला उलटत जा."

संध्याकाळी एकशे सातच्या दारावर टकटक झाली. त्या दारावर पडलेली ती पहिलीच थाप होती. बाहेर बोटवाला उभा होता. त्याची दाढी ओलीगच्च होती आणि आवाज पार बसला होता.

"काका, तुम्हीच ना ते?"

"ये बाबा, ये. तुझे पाय धरले तरी थोडंच आहे. बस."

बसायला खिडकीकडचा पलंगच काय तो रिकामा होता. बोटवाला त्यावर बसला आणि चादरीला पहिल्यांदाच सुरकुत्या पडल्या.

"काय हाका मारल्या हो मी," तो घसा चोळत म्हणाला. "काकू, काकू! पेंग्विनसुद्धा वळून वळून बघत होते."

काकांना रडता रडता हसू आलं. "अरे, काकू म्हटलेलं तिला मुळीच खपायचं नाही. ती असती ना, तरी ओ दिली नसती तिने!"

"मग काय म्हणून हाक मारायची होती?"

काकांनी बायकोचं नाव सांगितलं, आधी पुटपुटत आणि मग पुन्हा एकदा, मोठ्याने, हाक मारल्यासारखं.

बोटवाल्याने ते नाव मनाशी घोळवून पाहिलं आणि मान डोलावली.

"चांगलं आहे की! आधी सांगितलं असतंत, तर याच नावाने शोधलं असतं."