जिन्याजवळचं ओलं गोणपाट

डोक्यावर स्लॅब असलेल्या घरात झोपणारा आमच्या घराण्यातला मी पहिला. त्याआधी हातकणंगल्याला पत्र्याची खोली होती. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडू नयेत म्हणून बाबा वर दगड ठेवायचे. पत्रे तरी उडायचेच, आणि जाताना दगड तेवढे घरात टाकून जायचे. बाबा हमाली करायचे, आई लोकांची शेतं भांगलायची. त्यावर मी बी.कॉम. झालो, नोकरीला लागलो आणि कोल्हापुरात नदीच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बाबांनी छत निरखून बघितलं आणि म्हणाले, "आता दगड बी नकोत आणि वाऱ्याचं भ्या बी न्हाय."

वारा नाही आला, पाणी आलं. पंचगंगा दोनदा आमच्या पार्किंगमध्ये मुक्काम करून गेली. खांबांचे पापुद्रे सुटले, आतल्या गंजक्या सळया दिसू लागल्या आणि महापालिकेची नोटीस आली: खांब मजबूत करा, नाहीतर इमारत रिकामी करा. बाबांनी नोटीस माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग एवढंच विचारलं, "म्हंजे परत पत्रा?"

अशा वेळी सोसायटीनं बोलावलं म्हणून खांब बघायला रंगरावअण्णा आले. इंजिनिअरिंग कॉलेजात उभा जन्म काँक्रीट शिकवून रिटायर झालेला माणूस. आम्ही सगळे हात जोडून उभे, आणि हे आम्हाला ओलांडून थेट जिन्याजवळच्या खांबाकडे गेले. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय पैलवान, कुठं दुखतंय?"

मी काही सांगायला गेलो. "पावणं, जरा गप बसा की. ह्यो बोलतोय." आणि छोट्या हातोडीनं ठोकत, कान लावून, त्याचं सगळं ऐकून घेतलं.

अण्णांच्या खिशात पेन नसायचं, सिमेंटची एक पातळ पट्टी असायची. दिसेल त्याच्या हातात ती द्यायची आणि म्हणायचं, "वाकवा." ती खरंच वाकायची! एका लग्नात म्हणे त्यांनी ती बोहल्यावर चढणाऱ्या नवरदेवाच्या हातात दिली होती. "संसार असा पायजे. वाकंल, पण मोडणार न्हाय."

सोसायटीची मीटिंग भरली. पहिल्या मजल्यावरच्या मोरेकाकू म्हणाल्या, "त्यापेक्षा चांगल्या फरशा बसवून टाका की खांबांना. दिसायला बी झ्याक."

"आजाऱ्याला नवा सदरा घातला की तो बरा हुतोय व्हय, वैनी?"

मग अण्णांनी समजावलं. सुटलेलं काँक्रीट काढायचं, सळयांचा गंज घासायचा आणि खांबाभोवती ह्या पट्टीच्या मालाचा अंगरखा चढवायचा. त्यात खडी नाही. सिमेंट, राख, बारीक वाळू आणि केसासारखे धागे. "साधं काँक्रीट लई ताठ. ताण आला की एकदम फुटतंय, बोलत न्हाय, सांगत न्हाय. ह्यातले धागे एकमेकाला धरून ऱ्हात्यात. मोठी भेग पडायच्या जागी बारक्या बारक्या पडत्यात. माणसं बाहेर पडूस्तोवर खांब उभा ऱ्हातोय."

"अंगरखा केवढा जाड?" काकूंनी विचारलं.

"दोन बोटं."

"मग माझ्या स्कुटीची जागा दोन बोटं कमी हुणार!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "वैनी, खांब पडला तर जागाच जागा हुईल."

ठराव पास झाला.

लोखंडी टेकू लावून एकेक खांब सोलला, घासला, नवा अंगरखा चढला, वर गोणपाट गुंडाळलं. आणि अण्णांची भाषाच बदलली. "आता बाळंतीण हाय ती. वारं लागू द्यायचं न्हाय, अंग कोरडं पडू द्यायचं न्हाय."

"अण्णा, काल पैलवान हुता, आज बाळंतीण कशी झाली?" मोरेकाकू.

"कोल्हापुरात काय बी हुतंय, वैनी!"

सकाळ-संध्याकाळ अण्णा स्वतः झारी घेऊन हजर. बाबा बादली भरून द्यायचे. पाणी घालून झालं की दोघं जिन्याच्या पायरीवर बसायचे. चहा आमच्याकडचा, पोहे काकूंचे. नावं ठेवत का होईना, त्या ताटली घेऊन खाली यायच्याच. अण्णांचं बोलणं मात्र खांबांबद्दलच. घरचं काही विचारलं की, "बरं हाय की," म्हणून झारी उचलायचे.

दिवस भरले. खांबांची तपासणी झाली, नोटीस मागं घेतली. गोणपाटं उतरली. अण्णांनी प्रत्येक खांबाच्या पाठीवर थाप मारली, झारी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "चला. आता माझं काय काम हितं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो, तर बाबा जिन्याजवळच्या खांबाला परत गोणपाट बांधत होते. काकू बादली धरून उभ्या.

"बाबा, क्युरिंग संपलंय, आता पाणी नको!"

"ठावं हाय."

"मग?"

सुतळीची गाठ आवळत बाबा म्हणाले, "काल झारी द्यायला त्यांच्या घरी गेलतो. एवढा मोठा बंगला. बायकू वारली, पोरगं परदेशात. सगळ्या खोल्यांस्नी कुलपं. मला बसाय सांगितलं आणि बोलतच सुटले. उठू देईनात." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी म्हटलं, अण्णा, जिन्याजवळचा अजून जरा कच्चा वाटतोय."

तेवढ्यात फाटकातून अण्णा आले. हातात झारी. गोणपाटाला हात लावला, आमच्याकडे बघितलं. इतकी वर्षं हेच शिकवलेला माणूस. त्याला काय कळलं नसेल?

"व्हय की," ते म्हणाले. "ह्याला अजून पाणी लागंल."

काकू पोहे आणायला वर गेल्या.

आता वर्ष होत आलं. पंचगंगा परत एकदा पार्किंगमध्ये येऊन गेली, खांबांचा साधा पापुद्राही सुटला नाही. इमारतीतलं एकही कुटुंब घर सोडून गेलं नाही. बाबा स्लॅबखाली झोपतात. आणि जिन्याजवळच्या खांबाला रोज सकाळी पाणी घातलं जातं.