बेरिलच्या अंगणाला तारे नाहीत

थॉर्नी बे येथील निवृत्त वाहनतळ अधिकारी श्री. मॅल्कम पेनफोल्ड यांनी सपत्नीक फ्रान्सला जाण्याचे निश्चित केले, तेव्हा रात्री गाडी कुठे उभी करायची, हा प्रश्न उपस्थित झाला. प्रश्न अगदी साधा असल्यामुळे त्याचा सखोल अभ्यास करणे भाग होते.

गाडी म्हणजे मोटरहोम. आत पलंग, शेगडी, छोटा फ्रिज आणि उभे राहून आंघोळ करता येईल असे एक कपाट. विकणाऱ्याने किल्ली हातात देताना म्हटले होते, "आता काय, वाटेल तिथे थांबा!" हे ऐकून मॅल्कम यांच्या अंगावर काटा आला. लोकांना वाटेल तिथे थांबता येऊ नये, यासाठीच तर नगरपालिकेने त्यांना आयुष्यभर पगार दिला होता. आमच्या समुद्रकिनाऱ्यावर 'रात्रीच्या मुक्कामास सक्त मनाई' असे जे फलक आहेत, ते त्यांच्याच कारकिर्दीतले. फलकांमुळे समुद्र दिसत नाही, अशी एकदा तक्रार आली होती. 'समुद्र पाहण्यासाठी थांबणे हेही थांबणेच होय', असे लेखी उत्तर त्यांनी पाठवले होते.

त्यांच्या पत्नी ग्लेनिस शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना बटाटे वाढून निवृत्त झाल्या होत्या. त्यांना फ्रान्समधले काहीही पाहायचे नव्हते. त्यांना बेरिलला भेटायचे होते. बेरिल ही त्यांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात तिने गास्ताँ नावाच्या एका फ्रेंच शेतकऱ्याशी लग्न केले आणि ती तिकडचीच झाली. गेल्या हिवाळ्यात गास्ताँ गेला आणि एवढ्या मोठ्या घरात बेरिल एकटी उरली. फोनवर ती हवापाण्याचे बोलायची. ग्लेनिसना मात्र फोन ठेवल्यावर चहा गोड लागत नसे.

मॅल्कम यांनी नियोजनाला प्रारंभ केला. 'मुक्काममित्र' नावाचे एक ॲप आहे. मोटरहोमवाल्यांनी कुठे थांबावे, हे तिथे जगभरातले मोटरहोमवाले एकमेकांना सांगतात आणि प्रत्येक जागेला एकापासून पाचपर्यंत तारे देतात. चार ताऱ्यांखालच्या जागी थांबायचे नाही, असे मॅल्कम यांनी धोरण ठरवले. धोरण चांगले होते, पण जागा टिकेनात. एका नदीकाठाबद्दल कुणी लिहिले होते, 'सुंदर. मात्र नदीचा आवाज येतो. दोन तारे.' एका गावाबद्दल, 'सकाळी बेकरीतून ताज्या पावाचा वास आल्यामुळे झोपमोड झाली. तीन तारे.' आणि एका डोंगरमाथ्याबद्दल, 'अतिशय शांत. इतकी शांतता, की बायकोशी बोलावे लागले. एक तारा.'

बोटीची तिकिटे काढली, रद्द केली, पुन्हा काढली, पुन्हा रद्द केली. मोटरहोम दारात उभी राहून राहून तिच्या छपरावर शेवाळ धरले.

"मॅल्कम," शेवटी एका सकाळी टोस्टला मार्मलेड लावता लावता ग्लेनिस म्हणाल्या, "बेरिलकडे एवढं मोठं अंगण आहे. रस्त्यावरून वळलं की आत. तिथे लाव ना गाडी."

मॅल्कम यांनी चष्मा काढला. "मी बघितलं आधीच. नाही आहे ते."

"नाही आहे म्हणजे? मी तिथे कपडे वाळत घातलेत!"

"ॲपवर नाही आहे. तुझ्या बहिणीच्या अंगणाला एकही तारा नाही, ग्लेनिस."

"रात्री असतात की. वर बघायचं."

विनोदाने धोरण बदलत नसते. मात्र बायकोचा चेहरा पाहून मॅल्कमही जरा हलले. ते काही दगडाचे नव्हते, नियमांचे होते. अंगणाला तारे नसतील, तर ते मिळवून द्यावे लागतील, असा मार्ग त्यांनी काढला. त्यांनी बेरिलकडून फोटो मागवला. त्यात नाशपातीचे झाड होते, वाळत घातलेला गाऊन होता, आणि कोपऱ्यात हसण्याचा प्रयत्न करणारी बेरिल होती. 'बेरिलचे अंगण' या नावाने जागेची रीतसर नोंद झाली. ॲपने लगेच खाली तांबड्या अक्षरांत टीप टाकली, 'या जागी अद्याप कोणीही राहिलेले नाही. सावधगिरी बाळगावी.'

"बघ," मॅल्कम गंभीरपणे म्हणाले. "मी म्हणत होतो ना?"

हा विषय मग थॉर्नी बे मोटरहोम मंडळाच्या बैठकीत गेला. मंडळाचे अध्यक्ष डडली हॅरप यांची स्वतःची मोटरहोम इतकी वर्षे एकाच जागी उभी होती, की तिच्या चाकांतून हायड्रेंजिया उगवून फुलला होता. प्रवासविषयक सर्व बाबींत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई.

"सोपं आहे," हॅरप म्हणाले. "मंडळाचे सभासद अभिप्राय देतील."

"पण हॅरपसाहेब, तिथे राहिलंय कोण?"

"पेनफोल्डसाहेब, तुमच्यासारख्या अनुभवी माणसानं हे विचारावं? राहिलं की मत कलुषित होतं. कुणाला डास चावतो, कुणाचं बायकोशी वाजतं. न राहिलेल्या माणसाचं मत कसं, अगदी निष्पक्ष!"

ठराव एकमताने संमत झाला. सभासदांनी घरोघरी सोफ्यावर बसून बेरिलच्या अंगणात मुक्काम केला आणि भरभरून लिहिले. 'मालकीणबाई म्हणजे माऊली. त्यांचा नाशपातीचा केक जन्मभर लक्षात राहील.' 'संध्याकाळी गायी परतताना घंटांचा नाद ऐकून डोळे पाणावले.' स्वतः हॅरपनी तेवढे चारच तारे दिले. सगळेच पाच असले, की लोकांना संशय येतो, म्हणून.

मॅल्कम हे अभिप्राय रोज वाचत. सुरुवातीला त्यांना ते कोणी लिहिले हे माहीत होते. हळूहळू त्याचा विसर पडला.

"ह्या बाईंच्या केकचं फार नाव दिसतं," एकदा ते कौतुकाने म्हणाले.

"मॅल्कम, ही बाई म्हणजे माझी बहीण आहे. तिला अंडंसुद्धा धड उकडता येत नाही."

"इतके लोक खोटं बोलतील का?"

तोच बेरिलचा फोन आला. "अगं ग्लेनिस, माझ्या दारात एक डच जोडपं उभं आहे. माणसं भली दिसतायत, पण केक मागतायत."

"मग गं?"

"मग काय करणार? बाजारातून आणून कापून दिला. खाल्ला आणि म्हणाले, हाच तो! आता गायी कुठे आहेत विचारतायत."

बेरिल हसत होती. फार दिवसांनी हसत होती, म्हणून ग्लेनिसनी खरा प्रकार सांगायचे टाळले. पुढच्या आठवड्यात जर्मन आले, मग बेल्जियमचे आले, मग ज्यांना अंगणात जागा मिळाली नाही ते कुंपणापलीकडे थांबले आणि जागा मिळत नाही याचा अर्थ जागा फारच चांगली आहे, असे त्यांनी ॲपवर लिहिले. बेरिलचे फोन कमी झाले. 'उचलायला वेळ नाही', एवढाच एकदा निरोप आला. इकडे मॅल्कम यांनी तारे तपासले, मान डोलावली आणि तिकिटे काढली. या वेळी ती रद्द झाली नाहीत.

पलीकडच्या बंदरावर जकातवाल्या बाईंनी ग्लेनिसनी केलेली हॅमची सँडविचे ताब्यात घेतली. मांस देशात आणता येत नाही. "नियम आहे, ग्लेनिस," मॅल्कम म्हणाले, आणि सँडविच फेकताना पाव कोरड्या कचऱ्यात आणि हॅम ओल्या कचऱ्यात टाकायला हवे, हे त्यांनी त्या बाईंच्या निदर्शनास आणून दिले. बाईंनी मग त्यांची संपूर्ण गाडी तपासली.

बेरिलच्या गल्लीत ते वळले आणि मॅल्कमनी ब्रेक दाबला. फाटकावर नवा कोरा अडसर होता. बाहेर रस्त्यावर रात्रीच्या मुक्कामास मनाई करणारा ग्रामपंचायतीचा फलक होता. आत नाशपातीच्या झाडाखाली मोटरहोमला मोटरहोम लागून उभी होती. पिवळे जाकीट घातलेला एक उंच माणूस पुढे आला. त्याचे नाव योस्ट. केक मागणारे पहिले डच जोडपे होते ना, त्यातला हा नवरा. कुणीतरी शिस्त लावायला हवी, असे त्याला एका सकाळी वाटले होते.

"बुकिंग?"

"बुकिंग कसलं! ही जागा मी शोधून काढलीय!" मॅल्कम गरजले.

"सगळे असंच म्हणतात."

ग्लेनिस खाली उतरल्या. "अहो, मी बेरिलची सख्खी बहीण आहे."

"असाल हो," योस्ट समजुतीच्या सुरात म्हणाला. "काल बेल्जियमहून तिच्या दोन मावश्या आल्या होत्या. अडसराच्या पलीकडे थांबा."

ग्लेनिसनी त्याच्याकडे पाहिले. शाळेत चारशे पोरांची रांग ज्या नजरेने सरळ व्हायची, त्या नजरेने पाहिले. मग अडसराखालून वाकून त्या सरळ आत चालत गेल्या. गाडीला काही वाकता येत नव्हते, म्हणून मॅल्कम बाहेर राहिले.

स्वयंपाकघरात बेरिल पाठमोरी उभी होती. ग्लेनिसनी हाक मारताच ती वळली आणि पिठाच्या हातांनीच तिने बहिणीला मिठी मारली. किती वाळली होती.

"केक करायला शिकले गं," ती म्हणाली. "बाजारातले पुरेनात."

"हे सगळं हाकलून दे ना, बेरिल."

"कुणाकुणाला हाकलू? एकाला पाणी हवं असतं, दुसऱ्याला संडासाची टाकी कुठे ओतायची ते हवं असतं. तो बघ गास्ताँचा कोट, अजून खुंटीवर आहे. परवा पाऊस आला, तर एक जण आत येऊन विचारतो, हा भाड्यानं मिळतो का? आधी रडायचे ती एकटी आहे म्हणून. आता रडायलासुद्धा एकटं मिळत नाही." तिने एप्रनला हात पुसले. "घर विकायला काढलंय मी. सोमवारी माणूस येतोय बघायला."

ग्लेनिस त्या रात्री वर बहिणीच्या खोलीत झोपल्या. मॅल्कम स्मशानभूमीच्या भिंतीशेजारी गाडी लावून बसले. तिथेही रात्रीच्या मुक्कामास मनाई होती. फलकाची उंची आणि अक्षरे अगदी योग्य असल्याचे पाहून त्यांना परदेशात प्रथमच घरच्यासारखे वाटले. तरी मन धुमसत होते. त्यांनी ॲप उघडून लिहिले, 'बेरिलचे अंगण : प्रचंड गर्दी. मालकीण नातेवाइकांना झुकते माप देते. एक तारा.' ॲपने तत्काळ उत्तर पाठवले, 'प्रत्यक्ष मुक्काम न करता दिलेले अभिप्राय आम्ही स्वीकारत नाही. अशा प्रकारांमुळे प्रवाशांची दिशाभूल होते.'

सकाळी न्याहारीनंतर ग्लेनिसनी बेरिलचा फोन मागून घेतला. "काय करतेयस?" बेरिलने विचारले.

"अभिप्राय देतेय. मी राहिलेय इथे, माझा घेतील." त्यांनी एका बोटाने सावकाश लिहिले, 'मालकीण छान. झाड छान. फक्त अंगणात फोनला अजिबात रेंज नाही.'

थोड्याच वेळात अंगणात सामसूम झाली. मग एक दार उघडले, दुसरे उघडले. लोक फोन हातात धरून बाहेर आले. प्रत्येकाने तो अभिप्राय आपापल्या फोनवर, त्याच अंगणात, त्याच झाडाखाली उभे राहून वाचला.

"रेंज नाही?" योस्टची बायको छातीवर हात ठेवून म्हणाली. "अगं बाई, आणि आपण इतके दिवस इथे राहिलो!"

"मला शंका होतीच," योस्ट म्हणाला आणि पुढच्या मुक्कामतळावर फोन लावून, मोठ्या स्पष्ट आवाजात, त्याने तिथली जागा राखून घेतली. दुपारच्या जेवणाच्या आत अंगण रिकामे झाले. जाताना प्रत्येकाने एक-दोन तारे कमी केले. सोमवारी घर बघायला माणूस आला, तेव्हा दोघी बहिणी झाडाखाली खुर्च्या टाकून पाय लांब करून बसल्या होत्या. बेरिलने त्याला केक दिला आणि परत पाठवले.

त्याआधी अर्थातच मॅल्कम आले होते. फाटक सताड उघडे होते. तरी त्यांची गाडी रस्त्यावरच घरघरत उभी राहिली.

"ये ना आत!" ग्लेनिस ओरडल्या. "एवढं रान मोकळं आहे!"

मॅल्कम यांनी काच खाली केली. त्यांना आत यावेसे वाटत होते. झाडाखाली चहा मांडलेला होता. पण त्यांच्या हातात फोन होता. "ग्लेनिस," ते हळू आवाजात म्हणाले, "अडीचच तारे उरलेत गं."

"मॅल्कम, मी इथे आहे."

"तू आहेस. पण लोकांना ते माहीत नाही ना."

असो. महामार्गाला लागून टायरच्या गोदामामागे एक मुक्कामतळ आहे, त्याला पावणेपाच तारे आहेत. मॅल्कम तिथे राहू लागले आणि रोज सकाळी बसने न्याहारीला बेरिलकडे येऊ लागले. परतीच्या तारखेला ते एकटेच बोटीत बसले. ग्लेनिस म्हणाल्या, मी हिवाळा काढून येईन, आणि कुठला हिवाळा ते त्यांनी सांगितले नाही. आमच्या मंडळाने मॅल्कम यांचा 'युरोपातील आदर्श मुक्काम' या विषयावरील व्याख्यानाबद्दल सत्कार केला. ते बोलले छान, पण मधेच एकदा थांबले, पाणी प्यायले आणि आधी वाचलेलेच पान पुन्हा वाचू लागले.

वाचकहो, बेरिलच्या गावाचे नाव मी या हकिकतीत कुठेही दिलेले नाही, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. ज्यांच्या लक्षात आले नाही, त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. बाकीच्यांनी कृपया फोन खाली ठेवावा.