पिवळा की काळा

रविवारी सकाळी गाडी बघायला गिऱ्हाईक यायचं होतं, आणि गॅरेजवाला गाडीखाली उताणा पडून जुनं तेल काढत होता. दरवाजाच्या पायरीवर बसून घरधनी गॅरेजवाल्याचे बाहेर आलेले पाय बघत होते. मुलीने बजावून ठेवलं होतं म्हणून अंगात पांढरा इस्त्रीचा शर्ट होता. गरजेपोटी विकतोय असं वाटू नये, पण गाडी नीट वापरलीय असं वाटावं, असा त्या शर्टामागचा हेतू होता.

गाडी बायकोची होती. तीच चालवायची, तीच गॅरेजला न्यायची, आणि हे शेजारच्या सीटवर बसून पिशव्या सांभाळायचे. ती बुटकी होती, त्यामुळे सीट अगदी पुढे ओढलेली. ती गेल्यावर हे दोन-चारदा गाडी घेऊन बाजारात गेले ते तसेच, गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना काढून, बेडकासारखे. वळण आलं की स्टिअरिंग गुडघ्यात अडकायचं. सीटखाली एक दांडी होती, ती ओढली की सीट मागे जायची. ती काही त्यांनी ओढली नाही. मुलीने एकदा हे ध्यान रस्त्यात पाहिलं आणि रात्री फोन केला. बाबा, ती गाडी तुम्हाला झेपत नाही, उभी राहून सडतेय, विकून टाकू या. ते म्हणाले, "बरं." हल्ली ते सगळ्यालाच बरं म्हणत. बोलणं लवकर संपतं.

फोन ठेवल्यावर मात्र ते खाली जाऊन बराच वेळ गाडीत बसून आले होते. विकायची नव्हती. पण ते सांगायचं म्हणजे का ते सांगावं लागलं असतं, आणि तेवढं त्राण नव्हतं.

गॅरेजवाल्याने तेल गाळायचा नवा पिवळा फिल्टर हातात घेतला आणि त्याच वेळी फाटकातून मेहुणा आला. त्याच्या हातात काळा फिल्टर होता.

मेहुण्याला त्याची ताई तपासनीस म्हणायची. तो कुठलीही वस्तू एक आणत नसे. दोन आणायचा, दोघांची तुलना करायचा, जिंकलेली स्वतःकडे ठेवायचा आणि हरलेली ताईला द्यायचा. या घरातली इस्त्री हरलेली होती, छत्री हरलेली होती. स्वयंपाकघरातलं घड्याळ तर सपाटून हरलेलं होतं.

"भावोजी, तो पिवळा बसवू नका," तो म्हणाला. "त्यातून निम्मा कचरा आरपार जातो. परक्या माणसाला गाडी द्यायची तर नीट द्यायला हवी. ताईची गाडी आहे."

गॅरेजवाला गाडीखालून बाहेर आला. आपण वर्षानुवर्षं हाच बसवतो, बाईंच्या वेळीही हाच बसवत होतो, एकाही इंजिनाने तक्रार केलेली नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं. मेहुण्याने दोन्ही फिल्टर हातात घेतले, वजन केलं, उलटे करून बुडं पाहिली, वास घेतला. मग म्हणाला, तपासल्याशिवाय कसं सांगणार?

"साहेब, फिल्टर बसवायचाय की मुलगी बघायचीय?" गॅरेजवाला म्हणाला. "तुमची पसंती झाली की कळवा." त्याने पाने गोळा केले आणि तो चालता झाला. गाडी तिथेच राहिली, पोटात तेल नाही आणि फिल्टरही नाही अशी.

"त्याला परत बोलाव," ते म्हणाले.

"बोलावू. आधी निकाल लागू दे. घड्याळात बघा, अजून पुष्कळ वेळ आहे."

दारातून दिसणाऱ्या स्वयंपाकघरातल्या घड्याळात खरंच पुष्कळ वेळ होता. ते घड्याळ का हरलं होतं, हे त्या क्षणी दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मेहुण्याची पद्धत अशी होती. स्वच्छ तेलात मोजून धूळ मिसळायची, ते एकेका फिल्टरमधून काढायचं आणि काचेच्या ग्लासात धरून उजेडात बघायचं. ज्याचं तेल नितळ तो फिल्टर चांगला. स्वच्छ तेल म्हणजे गाडीसाठी आणलेला नवा डबा. तेवढं थोडं घेतलं तर काय बिघडतं, म्हणून त्याने तो फोडला. इंजिनात तेल गरम असतं, म्हणून दुधाचं पातेलं गॅसवर चढलं. धूळ मात्र एकसारख्या बारीक दाण्याची हवी होती. कणकेच्या गुठळ्या झाल्या. मातीत खडे निघाले. मेहुणा घरभर हिंडून आला आणि त्याने पातेल्यात काहीतरी पांढरं ओतून ढवळलं.

ते बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसले होते. हळूहळू एक वास आला. आधी तापलेल्या तेलाचा, आणि त्याच्या पाठोपाठ तिचा. आंघोळ करून ती खोलीतून जायची तेव्हा मागे राहायचा तो. पेपर खाली ठेवून ते स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर तिच्या पावडरचा डबा रिकामा पडला होता.

मेहुणा ढवळायचा थांबला होता. "न्हाणीघराच्या कपाटात होता," तो म्हणाला. "गरम झाल्यावर असं होईल असं वाटलं नव्हतं."

रागावण्यासाठी ताकद लागते. त्यांनी स्टूल ओढलं आणि गॅसजवळ बसले. "ढवळ," एवढंच म्हणाले. "खाली लागेल."

अडचण पुढे आली. तेल फिल्टरमध्ये ओतलं की आतच बसून राहायचं. इंजिनात त्याला मागून जोर असतो, इथे कोण देणार? मेहुण्याने माळ्यावरून सायकलचा पंप काढला, वॉशिंग मशीनच्या जुन्या नळीचा तुकडा लावला आणि सांधा फडक्याने आवळून बांधला. भावोजींनी फडकं दाबून धरायचं आणि त्याने पंप मारायचा, असं ठरलं. पिवळ्यातून तेल थेंब थेंब ग्लासात उतरलं. नितळ होतं. मग काळा लावला. त्यातूनही नितळच उतरलं. मेहुण्याने दोन्ही ग्लास खिडकीत धरले, डोळे बारीक केले आणि फरक फार बारीक आहे, पुन्हा करावं लागेल, असं जाहीर केलं.

पुन्हा केलं. डब्यातलं आणखी थोडं तेल गेलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा पावडरीने चोंदलेला काळा फिल्टर अडून बसला. मेहुण्याने सगळं अंग पंपावर टाकलं, फडकं सुटलं आणि तेलाचा फवारा थेट छतावर गेला. तिथून तो घड्याळावर, डब्यांच्या फळीवर आणि पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टावर उतरला. मेहुणा दचकून मागे सरला, त्याचा पाय घसरला, आणि तोल सावरताना त्याने जो डबा धरला तो तेलाचाच होता. उरलेलं तेल फरशीवरून सावकाश मोरीकडे निघालं.

तेवढ्यात बेल वाजली.

घड्याळात अजून पुष्कळ वेळ होता.

दारात मुलगी होती आणि तिच्या मागे तिच्या ऑफिसातला एक उंच, सभ्य माणूस. मुलीने वडिलांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. केसांतून तेल गळत होतं आणि अंगाला आईचा वास येत होता. ती काहीतरी बोलणार होती, पण तो वास नाकाशी आला तशी एक पाऊल जवळ आली. मागून मेहुणा करवतीने फिल्टर कापत असल्याचा आवाज येत होता. आतलं बघितल्याशिवाय निकाल पक्का होत नाही, असं तो आतूनच सांगत होता.

गाडी सुरू करता येणार नाही, त्यात तेल नाही आणि दुकानं रविवारी बंद असतात, हे ऐकून उंच माणूस हसला. हरकत नाही, नुसता बसून बघतो, म्हणाला. तो कसाबसा आत शिरला. गुडघे वर आले, डोकं छताला टेकलं. त्याने हात खाली घालून सीटची दांडी चाचपली.

"सीट मागे जात नाही," ते म्हणाले.

आजच्या दिवसात ते इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलले होते.

"गंजलीय," मेहुणा मागून म्हणाला. त्याच्या हातात अर्धा काळा फिल्टर होता. "मी तपासलंय. कायमची."

उंच माणसाने दांडीवरचा हात काढला. गाडी छान आहे, विचार करून कळवतो, असं म्हणून तो गुडघे चोळत निघून गेला.

मुलगी गाडीच्या दाराशी तशीच उभी होती. "बाबा, सीट जाते मागे."

"माहीत आहे."

तिने आत पुढे ओढलेल्या सीटकडे पाहिलं. मग पदर, ओढणी काही नव्हतं म्हणून कुर्त्याच्या बाहीने वडिलांच्या कपाळावरचं तेल पुसलं आणि ती फरशी पुसायला आत गेली. जाताना म्हणाली की तिच्या ओळखीत आणखी एक गिऱ्हाईक आहे, बुटकं आहे, पुढच्या रविवारी विचारून बघते. ते बरं म्हणाले नाहीत. ही गोष्ट तिच्या लक्षात आली की नाही, ते कळलं नाही.

दोघे पायरीवर बसले. कापलेले दोन्ही फिल्टर मध्ये ठेवलेले होते. आतला कागद सारखा, घड्या सारख्या, चिकटवलेलाही सारखाच.

"मग कोणता चांगला?"

"एकच आहेत. एकाच कारखान्यातले. रंग तेवढा वेगळा."

"आत्ता कळलं?"

मेहुणा बोटांवरचं तेल पुसत राहिला. "बुडाला शिक्का असतो. गॅरेजवाला असतानाच बघितला होता."

त्यांनी पिवळा उलटा करून शिक्का बघितला. आतून मुलीच्या बादलीचा आवाज येत होता.

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "ब्रेकच्या तेलाची तुलना राहिलीय. पुढच्या रविवारी करावी म्हणतो."

"वेळ लागेल का त्याला?"

"तुम्ही म्हणाल तेवढा."

"बरं," ते म्हणाले.