घारे सरांचा वरचा वारा

"आज वारा सुटेल का हो?" असं आमच्या घारे सरांना विचारायची सोय नाही. ते उलट विचारतात, "कुठल्या उंचीवर?" शंभर किलोमीटरच्या खाली जे काही वाहतं, त्याला सर वारा म्हणतच नाहीत.

लोणावळ्यात आमची दारं समोरासमोर. हॉटेलच्या काउंटरवर सुट्टीची गर्दी झेलून मी पाय ओढत जिना चढतो आणि सर मला कठड्याशी गाठतात. औंढे गावाच्या पुढे माळावर एक रडार होतं, तिथे त्यांची सगळी नोकरी झाली. आकाशात रेडिओलहरी सोडायच्या, अगदी वरच्या विद्युतभारित थरावरून परत आलेला प्रतिध्वनी पकडायचा आणि तो थर कुठे सरकतोय ते मोजायचं. "पण त्याला ढकलतंय कोण? वारा की विद्युतक्षेत्र? ते आधी ठरवा!" हे सरांचं पालुपद. सोसायटीची मोटार जळाली तेव्हाही मीटिंगमध्ये हेच. मला तर आता ऐकतानाच जांभया येतात.

त्यांच्या बायकोनं, सुमनकाकूंनी, एकदा गच्चीवर कुरडया घातल्या. काकू टाकवे गावच्या. "आवो, वारं कसं हाय?" म्हणून त्यांनी भाबडेपणानं विचारलं. सर म्हणाले, "पश्चिमेकडे, ताशी तीनशे किलोमीटर." काकूंनी घाबरून ओल्या कुरडया गोळा केल्या आणि सगळ्यांचा लगदा झाला. बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं. सर मात्र शेवटपर्यंत म्हणत होते, "आकडा बरोबर होता."

पुढे सर निवृत्त झाले, रडारही बंद पडलं. काकूंचं विसरणं वाढत गेलं.

परवा संध्याकाळी कामावरून येतो तर सर खाली आवारात पाण्याच्या टाकीमागे उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. आता हे डोकं खाणार, म्हणून मी वैतागूनच म्हटलं, "सर, रडार बंद झालं ना? मग निघालात कुठे?"

"निघालो नाही, परत आलोय." सरांनी आवाज खाली आणला. "घरातच बसून राहिलो तर ती मला ओळखत नाही. 'ह्यो कोण बाप्या घरात शिरलाय' म्हणून रडते. ड्यूटीवरून आलो की ओळखते. म्हणून रोज येतो."

मी वाटेतून बाजूला झालो. त्यांच्या मागून जिना चढलो. सरांनी स्वतःच्याच घराची बेल वाजवली.

"आलात व्हय?" काकूंचा चेहरा एकदम उजळला. "वरचं वारं कसं हाय आज? लय हाय का?"

"नाही गं. पूर्वेकडे आहे, बेताचंच."

जन्मभर मोजल्याशिवाय अक्षर न बोललेला माणूस धडधडीत खोटं सांगत होता. माझे डोळे भरून आले.

"मग बसा, चा टाकते," म्हणून काकू खुर्चीतच बसल्या. स्वयंपाकघराची वाट त्या केव्हाच विसरल्यात. सर पिशवी मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि चहाची वाट बघत राहिले.