वाढत्या अंगाचा स्टेम

आंधळगावच्या इश्वर टेलरची एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. या माणसानं आजवर कोणत्याही लेकराला त्याच्या मापाचा कपडा शिवून दिलेला नाही. पहिलीतल्या पोराचा शर्ट तो तिसरीच्या हिशेबानं कापतो आणि आई कुरकुरली की म्हणतो, "वाढतं अंग आहे वहिनी. उद्या तुमीच म्हणान, इश्वरभाऊ, आखूड झाला." गावातली निम्मी पोरं प्रार्थनेला हात जोडतात तेव्हा बाह्यांतून फक्त बोटांची टोकं दिसतात. वर्षानुवर्षं नवा युनिफॉर्म लागत नाही म्हणून आया खूष, आणि त्याच कारणानं इश्वरची बायको भावना नाखूष. (धंद्यातला हा घाटा इश्वरच्या अजून लक्षात आलेला नाही. कोणी सांगायला जाऊ नये.)

तर या इश्वरच्या मुलीनं, डिंपलनं, एका सकाळी चहा पिता पिता सांगितलं की तिला सायकलचा स्टेम बदलायचा आहे आणि नवा स्टेम लहान पाहिजे.

डिंपल नववीत. तिची सायकल बीएमएक्स, योगेंद्रमामानं नागपूरहून कोणाची तरी जुनी आणून दिलेली. बुटकी, जाड टायरची. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही, स्टँडसुद्धा नाही. इश्वरनं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मेव्हण्याला बाजूला नेऊन हळूच विचारलं होतं, "बाकीचं सामान मागून येऊन राहिलं का?" पण पोरीचा त्या सायकलवर जीव. शाळा सुटली की ती तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जायची आणि दोन्ही चाकं जमिनीवरून उचलून उड्या मारायची. तिची आजी बेबीबाई पहिले काही दिवस देवाचं नाव घ्यायची. नंतर ती खाट टाकून बघायला बसू लागली.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, दिवसा नाचगाण्याची दंडार आणि रात्री नाटक. यंदा मंडई समितीच्या वीरेंद्रनं दंडारीच्या आधी डिंपलला वेळ दिला होता. कार्यक्रम असा, की डिंपलची मैत्रीण तृप्ती जमिनीवर आडवी झोपणार आणि डिंपल तिच्यावरून सायकल उडवणार. अख्खं गाव आणि पाहुणे बघणार. डिंपलला झोपेतसुद्धा तेच दिसत होतं.

"पण स्टेम म्हणजे नेमका कोणता?" इश्वरनं विचारलं.

डिंपलनं सायकलजवळ नेऊन बोट ठेवलं. पुढच्या चाकाच्या दांड्यावर बसवलेला आणि हँडल धरून ठेवणारा तो लोखंडी ठोकळा. "हा पाहा बाबा. याचे बोल्ट घासले, अन् हा लांबबी आहे. लहान लावला का हँडल माह्याजवळ येते. मंग समोरचं चाक पटकन उचलता येते."

"मी आणतो," इश्वर म्हणाला.

या दोन शब्दांत सगळं रामायण आहे.

"पोरीले संग घेऊन जा," भावना म्हणाली. "तिले समजते त्यातलं."

"शाळा कायले बुडवाची? तिचं माप मले पाठ आहे."

आणि ते खरंच होतं. डिंपलचं पहिलं झबलं त्यानंच शिवलं होतं. तेव्हापासूनचं तिचं प्रत्येक माप त्याच्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून इश्वर भंडाऱ्यावरून नागपूरला निघाला. गळ्यात मापाचा टेप तसाच राहिला आहे, हे त्याला मौद्याजवळ कळलं. कंडक्टर मघापासून आपल्याकडे आदरानं का बघतो आहे, हेही तेव्हाच कळलं. (कंडक्टरची पँट कमरेत सैल होती.)

नागपूरच्या सायकलच्या दुकानात गर्दी होती. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "कोणासाठी पाहिजे?"

"पोरीसाठी. बाही एकोणीस."

"सायकलले बाही नसते भाऊ."

त्यानं काउंटरवर दोन स्टेम ठेवले. एक लहान, एक लांब. डिंपल लहान म्हणाली होती, हे इश्वरला पक्कं आठवत होतं. त्यानं लहान उचलला, तळहातावर ठेवला, आणि अठरा वर्षं कापड कापलेला टेलर त्याच्या आत जागा झाला.

"दोघाइची किंमत?"

"सारखीच."

"सारख्या पैशात कमी माल?" इश्वरनं लहान स्टेम खाली ठेवला. "बरं, हा पुढच्या वर्षी तिले होईन का?"

"स्टेमले काय होते?"

"स्टेमले नाही हो. पोरगी मोठी होईन ना. वाढतं अंग आहे."

मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती. दुकानदारानं मान हलवली. "मंग लांबवाला घेऊन जा."

"अन् लांब झाला तं कमी करून भेटन ना? आमच्यात कसं असते, जास्तीचं कापड दाबता येते, पण कमी पडलेलं वाढवता येत नाही."

दुकानदारानं आता पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "लोखंड आहे भाऊ."

"तरीपण."

संध्याकाळच्या आत इश्वर घरी हजर. मंगेश सायकलवाल्याकडून त्यानं नवा स्टेम बसवून घेतला. जुना दारात आलेल्या भंगारवाल्याला दिला आणि बदल्यात कांदे घेतले. भावना म्हणाली, "आधी पोरीले तं दाखवाचा होता." पण कांदे चांगले होते, म्हणून तिनं विषय वाढवला नाही.

मग इश्वर दारात उभा राहिला. डिंपल शाळेतून येताना दिसली तसा तो सायकलच्या बाजूला सरकला आणि उगीचच भिंतीकडे बघू लागला.

डिंपलनं सायकल पाहिली. हँडलवर हात ठेवला. हात पार पुढे गेले.

"लहान नव्हता का बाबा?"

"होता ना. मीच नाही घेतला. अवं, तू वाढून राहिली. हा तुले बारावीपर्यंत पुरते."

डिंपलनं बापाकडे पाहिलं. दिवसभराच्या बसच्या प्रवासानं त्याच्या केसांत धूळ बसली होती, टेप अजून गळ्यातच होता, आणि चेहरा असा, की आता कोणीतरी शाबासकी देईल.

"मस्त आहे बाबा," ती म्हणाली.

त्यानंतर आठवडाभर इश्वर समाधानात होता. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो स्टेमची माहिती द्यायचा. ब्लाउजच्या मापाला आलेल्या ललिताबाईंना त्यानं हँडल, दांडा आणि बोल्ट हे सगळं समजावून सांगितलं, आणि ब्लाउज परत सैल शिवला.

तलावाच्या पाळीवर मात्र निराळंच चाललं होतं. डिंपलनं सरावासाठी एका पोत्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून ते तृप्तीच्या जागी आडवं ठेवलं होतं. हँडल दूर गेल्यामुळे तिला पुढे वाकावं लागे, चाक वेळेवर उचललं जात नसे, आणि सायकल सरळ पोत्यात घुसे. आठवडा संपता संपता तृप्तीनं हे दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी तिची आई शकुनबाई निरोप घेऊन आली की तृप्तीला ताप आहे आणि तो मंडईपर्यंत काही उतरत नाही. (ताप आलेली तृप्ती त्याच संध्याकाळी गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाडीवर उभी दिसली.)

निरोप आला तेव्हा वीरेंद्र इश्वरच्या दुकानात बसला होता. "आता कसं करता भाऊ? झोपाले कोणीच नाही तं कार्यक्रम काटाव लागन."

इश्वरनं मशीन थांबवली. पोरगी किती दिवसांपासून याच एका दिवसासाठी झटते आहे, हे त्याला माहीत होतं. तो छाती काढून म्हणाला, "माही पोरगी आहे. मी झोपतो."

तासाभरात भोंगा लावलेला ऑटो गावातून फिरू लागला. आंधळगावचे सुप्रसिद्ध टेलर इश्वरभाऊ यांच्या अंगावरून त्यांची कन्या सायकल उडवणार आहे, तरी सर्वांनी सहकुटुंब यावं. आता मागं फिरणं म्हणजे दुकान दुसऱ्या गावी हलवणं.

इश्वर घरी आला तेव्हा डिंपल जेवत होती. भोंग्याचा आवाज खिडकीतून आत आला. तिनं घास ताटात ठेवला आणि रडायला लागली.

"अवं, रडतं काहून? मी झोपतो म्हटलं ना. मले तापगिप येत नाही."

"तुमी नोका झोपू बाबा."

"काहून?"

कोपऱ्यातून बेबीबाईच म्हणाली, "ते काय सांगन? पोतं दोनदा फाटलं. दोन्ही वेळा मीच शिवून देल्लं."

"टेलरच्या घरात पोतं तू शिवलं माय?" इश्वरला आधी त्याचाच अपमान वाटला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "फाटलं कशानं?"

"चाकानं," डिंपल म्हणाली. "उचलतच नाही बाबा. स्टेम लांब पडते. मी लय कोशिश केली."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"तुमी दुकान बंद ठेवून गेलते. अन् आल्यावर माह्याकडं असं पाहून राहिले होते..." तिनं बाहीनं डोळे पुसले. "मले नाही सांगता आलं."

इश्वर खाली तिच्याजवळ बसला. "ढोपरं दाखव," तो म्हणाला. तिनं सलवार जरा वर सरकवली. दोन्ही ढोपरं सोलली होती. पोरगी आपल्यावर माया करते हे त्याला ठाऊक होतं, पण बापाचं मन राखायला ती आठवडाभर अशी पडत राहिली, आणि आपण इथं ललिताबाईंना बोल्ट समजावत होतो. त्याला एकदम भरून आलं. भावनानं खोबरेल तेलाची वाटी त्याच्यापुढे ठेवली.

"उद्या दोघंही नागपूरले जाऊ," तो म्हणाला. "शाळा बुडली तं बुडली."

दुकानदारानं त्याला ओळखलं. "कापून नाही भेटत भाऊ," तो आधीच म्हणाला.

"कापाचा नाही. पोरगी पाहते तो द्या."

डिंपलनं लहान स्टेम मागितला. फिरवून पाहिला, दुकानातल्या एका सायकलवर बसून हात ठेवून पाहिले, मग दुसरा मागितला, तो त्याहूनही लहान. एवढुसा तुकडा, आणि पैसे तेवढेच. इश्वरनं दोन्ही हात मागे बांधले.

"तुमचं काय म्हणणं आहे भाऊ?" दुकानदारानं विचारलं.

"सायकल तिची आहे. तिलेच विचारा."

परतीच्या बसमध्ये डिंपल स्टेम मांडीवर घेऊन बापाच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. शाळेच्या शर्टाची बाही तिच्या बोटांपर्यंत आली होती. इश्वरनं ती हळूच मागे सारली. मौदा गेलं, भंडारा आलं, तरी तो ती बाही धरूनच बसला होता. घरी पोचल्यावर मंगेशनं स्टेम बसवेपर्यंत इश्वरनं तिचे दोन्ही शर्ट उसवले आणि बाह्या बरोबर मापात करून दिल्या.

मंडईचा दिवस उजाडला. डिंपलनं त्या तीन-चार दिवसांत पोतं एकदाही फाडलं नव्हतं, पण इश्वर काही निश्चिंत नव्हता. पोतं आणि बाप यांत फरक असतो. बाप ऐन वेळी उठून पळू शकतो, आणि त्याला नेमकी तीच भीती होती.

भावनानं वीरेंद्रचं मोटरसायकलचं हेल्मेट आणलं. "हे घाला."

"लोकं हासतीन."

"हासू द्या. मले तुमी पाहिजे."

(लग्नानंतर इतक्या वर्षांनी ती हे बोलली आणि नेमकं हेल्मेट घालताना बोलली, त्यामुळे इश्वरला ते अर्धंच ऐकू आलं.)

मैदानात माणसं दाटली होती. डिंपल सायकल घेऊन दूर उभी राहिली. इश्वर आडवा झाला, हात अंगाशी घट्ट धरले. डिंपल धावत त्याच्याजवळ आली आणि वाकून म्हणाली, "बाबा, हलू नोका. भेव लागते का?"

"तुह्यावर सोडलं मी," इश्वर म्हणाला. "तू फक्त पडू नोको."

त्यानं डोळे गच्च मिटले. हेल्मेटच्या आत स्वतःचा श्वास सोडून काही ऐकू येत नव्हतं. त्यानं कुलदैवत आठवलं, मग माय, मग भावना. वाऱ्याची एक झुळूक अंगावरून गेली. त्याला वाटलं, पोरगी अजून अंदाज घेते आहे. घेऊ दे, घाई नको. पुन्हा झुळूक आली. तो तसाच पडून राहिला. पोरीनं सांगितलं होतं, हलू नका. पाठीला खडे टोचत होते, हेल्मेटात शिरलेली माशी नाकावर बसली होती, पण इश्वर हलला नाही.

बऱ्याच वेळानं कोणीतरी त्याचं हेल्मेट काढलं. त्यानं एक डोळा उघडला. डिंपल गुडघ्यांवर बसली होती, घामानं न्हालेली, हसत होती आणि रडतही होती. तिच्यामागे भावना कमरेवर हात ठेवून उभी.

"कूद बेटा," इश्वर म्हणाला. "मी तयार आहे."

"झालं बाबा," डिंपलनं त्याच्या गळ्याला मिठी मारली. "कुठीच लागलं नाही ना?"

"झालं? कूदली तू?"

"चारदा," भावना म्हणाली. "पहिल्या खेपेले तुमी उठले नाही, तं लोकाइले वाटलं तुमीच आणखी एकदा म्हणून राहिले. आता उठा. दंडारवाले कधीचे इचारून राहिले, याइले उचलाले किती माणसं लागतीन."